ब्रेक्झिट : एवढा मोठा प्रश्न एका फुलीवर सोडवायला हवा होता का?

टेम्सकाठी

२३ जून २०२६ ला ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचं का याच्या, सार्वमताला दहा वर्षं होतात. इकडे ब्रिटनमध्ये पुन्हा त्याच चर्चा सुरू झाल्यात, कोण बरोबर होतं, कोणी फसवलं, परत आत जायचं का वगैरे. मला थोडं वेगळं विचारायचंय.

माझं म्हणणं असं की निकाल काय लागला त्याच्या आधीच, प्रश्न विचारतानाच घोळ झाला. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, युरोपियन युनियनमध्ये राहायचं की युरोपियन युनियन सोडायचं. राहायचं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते चाललेलंच होतं. सोडायचं म्हणजे काय हे मात्र ठरलेलंच नव्हतं. नॉर्वेसारखं युनियनबाहेर पण सिंगल मार्केटमध्ये, म्हणजे माल आणि माणसं मोकळेपणाने येणार-जाणार? तुर्कस्तानसारखं कस्टम्स युनियन, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्यांना एकच जकात? कॅनडासारखा नुसता व्यापार करार? की काहीच करार नाही, डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) नियमांवर भागवायचं? हे चारही प्रकार 'सोडणं'च आहेत आणि प्रचारात ज्याने त्याने आपल्याला हवं ते चित्र रंगवलं. १ कोटी ७४ लाख लोकांनी सोडा म्हणून फुली मारली, १ कोटी ६१ लाखांनी राहा म्हणून. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. आणि मग साडेतीन वर्षं संसद भांडत बसली की लोकांना नेमकं काय हवं होतं.

तर असा प्रश्न सार्वमताला टाकावा का? टाकायचाच तर कसा? यूकेतल्या मंडळींनी मत दिलं होतं का तेही सांगा, सांगायचं असेल तर.

कोल्हापुरी_ठसका

आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंट करायची का म्हटलं तर सगळ्यांनी हात वर केले. बिल्डर कोण, कार्पेट किती, तोवरचं भाडं कोण देणार हे विषय निघाले आणि मीटिंग रात्री एकपर्यंत चालली, खुर्च्या तेवढ्या फेकायच्या राहिल्या. टेम्सकाठी म्हणतायत ते पटलं बघा.

सरळमार्गी

मी मिडलँड्समध्ये राहतो, सोडा म्हणून मत दिलं होतं आणि आजही तेच देईन. दहा वर्षं आम्हाला अडाणी नाहीतर वंशवादी म्हणून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, १९७५ ला पण असंच सार्वमत झालं होतं, राहायचं का, हो की नाही. ६७ टक्के हो म्हणाले. तेव्हा कोणी म्हटलं नाही की प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे, लोकांना झेपणार नाही. त्या लोकांनी एका व्यापारी गटाला हो म्हटलं होतं, त्याचं मास्ट्रिख्ट करारानंतर युनियन झालं, तेव्हा ब्रिटनमध्ये कोणी परत विचारलं का? फ्रान्समध्ये १९९२ ला मास्ट्रिख्टवर मतदान झालं, डेन्मार्कमध्ये झालं, इथे नाही. चाळीस वर्षं साठलेलं एकदम बाहेर पडलं.

दुसरी गोष्ट आपली. पुण्याच्या इंजिनियरला इथे यायचं तर स्पॉन्सर पाहिजे, पगाराची अट, इंग्रजीची परीक्षा, आईवडिलांना कायमचं आणायचं तर जवळपास अशक्य. युरोपातला माणूस ओळखपत्र दाखवून यायचा आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचा. त्यांचा राग नाही, पण नियम सगळ्यांना एकच असावा असं वाटणं चूक आहे का? 'सोडा'वाल्यांनी प्रचाराच्या बसवर लिहिलं होतं की युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, त्या आकड्यावर मी कधीच विश्वास ठेवला नव्हता, तेव्हा ते माझ्या माथी मारू नका.

आणि अर्थ माहीत नव्हता म्हणाल तर तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून आणि अर्थमंत्री ऑसबॉर्न स्वतः टीव्हीवर सांगत होते की सोडलं तर सिंगल मार्केटच्या बाहेर जावं लागेल. लोकांनी ते ऐकूनच मत दिलं.

जुनाट

@सरळमार्गी, साठलेलं होतं हे मान्य, पण सगळं ब्रसेल्सच्या, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाच्या, खात्यावर टाकू नका. ब्रिटनला आत यायचं होतं तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७, दोन्हीदा नाही म्हटलं. ते गेल्यावर पंतप्रधान हीथ यांनी १ जानेवारी १९७३ ला देशाला आत नेलं. १९७५ च्या मतदानात हुजूर पक्षाच्या थॅचरबाई 'राहा'च्या प्रचारात होत्या, मजूर पक्ष दुभंगला होता. चाळीस वर्षांत बाजू बरोब्बर उलट्या झाल्या. आणि ज्या सिंगल मार्केटला हुजूर पक्षवाले नंतर शिव्या घालत होते तो उभा करण्यात थॅचर सरकारचाच मोठा हात होता.

माणसांच्या येण्याचं म्हणाल तर २००४ ला पोलंड वगैरे दहा देश युनियनमध्ये आले. जुन्या सदस्यांना नव्या देशांतल्या कामगारांवर सात वर्षांपर्यंत बंधनं ठेवायची मुभा होती, जर्मनीने ती २०११ पर्यंत पुरेपूर वापरली. पहिल्या दिवसापासून दार उघडं ठेवलं ते फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने. हा लंडनचा निर्णय होता. सरकारने स्वतः केलेलं ब्रसेल्सवर ढकलायची सवय सगळ्याच पक्षांना होती आणि २०१६ ला ते त्यांच्यावरच उलटलं, असं माझं मत आहे.

फीभरणारे_बाबा

राजकारणातलं कळत नाही, पण निकालाच्या शुक्रवारी पौंड जो आपटला तो डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या तळाला. रुपयात शंभरच्या घरातला नव्वदीत आला. मुलीची फी भरायची होती. आमच्या घरी त्या दिवशी शिरा झाला होता.

पारिजात

मी तेव्हा नुकतीच नर्स म्हणून आले होते, पासपोर्ट भारतीय. एक दिवस घरी पोलिंग कार्ड आलं. मला वाटलं चुकून आलंय, कौन्सिलला फोन केला तर म्हणाले नाही, तुम्ही कॉमनवेल्थच्या नागरिक, इथे कायदेशीर राहता, तुम्हाला मत आहे. आमच्या वॉर्डची सिस्टर स्पेनची. ती माझ्या कितीतरी आधीपासून इथे, मुलं इथल्या शाळेत, घराचा हप्ता इथे, तिला मत नाही. तिच्याच राहण्या-जाण्याचा प्रश्न आणि मत मला! जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, तू जाशील ना मत द्यायला? मी गेले, राहा म्हणून दिलं.

प्रश्न कसा विचारला यावर धागा आहे, पण कोणाला विचारला हे पण तेवढंच महत्त्वाचं नाही का?

मांडवी

पारिजात, अगदी मनातलं. आमच्या घरातलंच सांगते. माझे दोन मावसभाऊ, सख्खे भाऊ, स्विंडनला एकाच घरात राहतात. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं हे बऱ्याच जणांना माहीत असेल. थोरल्याने आजोबांचे कागद काढून लिस्बनला नोंदणी केली आणि पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला वेअरहाऊसमध्ये लागला. पोर्तुगालमध्ये राहिलेला नाही, भाषा येत नाही. धाकटा नंतर भारतीय पासपोर्टवर शिकायला आला.

२०१६ ला पोलिंग कार्ड आलं ते धाकट्याच्या नावाने. थोरला इतकी वर्षं टॅक्स भरतोय, त्याच्या पासपोर्टचं काय होणार याचंच ते मतदान, आणि कार्ड भावाला. धाकट्याने थोरल्याला विचारून मत दिलं, म्हणजे घरातला हिशोब घरात मिटला. पण स्विंडनने जवळपास ५५ टक्क्यांनी सोडा म्हटलं.

पुढे सेटल्ड स्टेटस, म्हणजे आधीपासून राहणाऱ्या युरोपियनांना इथेच राहायची परवानगी, ते काढायची धावपळ. फोनवर पासपोर्ट स्कॅन करा, चेहरा दाखवा, ३० जून २०२१ ची मुदत. शेवटी मिळालं, पण हातात कार्ड-बिर्ड काही नाही, सगळं ऑनलाइन. घरमालकाला दाखवायचं तर कोड काढून पाठवायचा. आमच्या मावशीला गोव्यात बसून हे काही केल्या पटत नाही, ती अजून विचारते, कागद कुठे ठेवलास? शेजारचे गोरे आजोबा थोरल्याला म्हणाले होते, आम्ही सोडा म्हटलं ते तुमच्यासाठी नव्हे हं. मग कोणासाठी होतं, हे तो मला विचारतो.

सरळमार्गी

@मांडवी, वाईट वाटलं वाचून, खरंच. पण सगळ्या युरोपियनांना मत दिलं असतं तर निकाल मान्य कोणी केला असता? कुठल्या देशाने कोणाबरोबर राहायचं हे त्या देशाच्या नागरिकांनी ठरवावं. कॉमनवेल्थचा नियम जुना, पार्लमेंटच्या निवडणुकीला जो होता तोच इथे लावला.

पारिजात

नागरिकांनीच ठरवायचं तर मग मला तरी कशाला दिलं मत? आणि पंधरा वर्षांहून जास्त काळ स्पेन-फ्रान्समध्ये राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरांना नव्हतं ते? ते तर नागरिकच ना.

देवगडी

युरोपियन युनियन म्हटलं की मला मे २०१४ आठवतो. ऐन सीझनमध्ये हापूसवर बंदी. फळमाशी सापडली म्हणे. माल युरोपात जायचा त्यातला सगळ्यात मोठा वाटा इंग्लंडला, तिथली आपली माणसं पेट्यांची वाट बघत बसलेली, आणि निर्णय ब्रसेल्सचा. सरळमार्गींचं म्हणणं मला इथे समजतं.

जुनाट

देवगडी, त्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. फळमाशी खरोखरच सापडली होती, एकदा नाही, बऱ्याचदा. आणि ब्रिटनचं शेतीखातं बंदीच्या बाजूने होतं, कारण तिथल्या काचघरांतल्या टोमॅटो-काकडीला धोका नको होता. म्हणजे तेव्हा ब्रिटन बाहेर असतं तरी बंदी आलीच असती असं मला वाटतं. आपल्याकडे पॅकिंग आणि तपासणी सुधारली आणि २०१५ च्या सीझनआधी बंदी उठली. त्या बंदीने आपल्या निर्यातीला शिस्त लागली हे बागायतदार पण कबूल करतात.

देवगडी

शिस्त लागली हे कबूल. पण त्या वर्षीचे पैसे गेले ते गेलेच.

नाशिकचा_बागायतदार

आंबेवाले बोलले तर आम्ही द्राक्षवाल्यांनी का मागे राहावं. आमचा माल आधी बहुतेक रॉटरडॅमला उतरायचा. तिथे एकदा तपासणी झाली की हॉलंड, जर्मनी, इंग्लंड, भाव असेल तिकडे एक्स्पोर्टर वळवायचा. औषधांचे अंश किती चालतील त्याचा तक्ता सगळ्यांना एकच. २०२१ पासून रॉटरडॅमहून इंग्लंडला माल न्यायचा म्हणजे पुन्हा कस्टम्स, पुन्हा कागद. त्यामुळे कुठला कंटेनर कुठे हे आता इथूनच ठरवून पाठवायला लागतं. समुद्रात वीस-पंचवीस दिवस, तोवर भाव बदलला तर हातावर हात ठेवून बसा. आणि आता इंग्लंड आपला तक्ता वेगळा करायला लागलंय, म्हणजे फवारणीचं वेळापत्रक करताना दोन याद्या बघायच्या. ज्याच्या पाच एकरात सगळाच माल एक्स्पोर्टचा त्याला हे परवडत नाही.

मला युनियन चांगलं की वाईट माहीत नाही. पण सार्वमतात कोणी सांगितलं होतं का, की कस्टम्सचा कागद नावाची गोष्ट परत येणार?

बेलफास्टची_सर

नाशिककर, कस्टम्सचा कागद म्हणालात तर आमच्याकडे या. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडच्या प्रजासत्ताकामध्ये जवळपास ५०० किलोमीटरची सीमा आहे आणि तिच्यावर काहीही नाही. गाडी चालवताना वेगाच्या पाट्या मैलांच्या किलोमीटरमध्ये होतात, तेव्हा कळतं देश बदलला. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर इथल्या चौक्या आणि लष्कराचे बुरूज हटले. त्याआधी तीस वर्षं माणसं मरत होती, माझ्या ऑफिसातल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाकडे त्या काळची एकतरी गोष्ट आहे, आणि ती ते सहज सांगत नाहीत.

आता ब्रिटनने कस्टम्स युनियन सोडलं म्हणजे कुठेतरी सीमा येणारच. जमिनीवर नको तर समुद्रात. शेवटी समुद्रात आली, म्हणजे आमच्याच देशातून आमच्याच देशात येणाऱ्या मालाला कागद. युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनबरोबरच राहायचं म्हणणारे, भडकले, त्यांच्या डीयूपी पक्षाने फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं इथलं सरकार चालू दिलं नाही. २०२३ ला ब्रिटन आणि युरोपियन युनियनमधला नवा समझोता, विंडसर फ्रेमवर्क, आलं, थोडं सुसह्य झालं. आज सुपरमार्केटात मटणाच्या पाकिटावर, दुधाच्या बाटलीवर 'युरोपियन युनियनसाठी नाही' असा शिक्का असतो.

उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी राहा म्हटलं होतं. २०१६ च्या प्रचारात इंग्लंडमध्ये या सीमेबद्दल किती बोललं गेलं ते इथल्या इंग्लंडकरांनी प्रामाणिकपणे सांगावं.

टेम्सकाठी

जवळजवळ नाहीच. ब्लेअर आणि मेजर हे दोघे माजी पंतप्रधान एकत्र तिकडे जाऊन सांगून आले होते, ती एक दिवसाची बातमी झाली.

वकीलबाई

मुद्द्याचं एक राहिलं. कायद्याने हे सार्वमत सल्ल्यापुरतं होतं. २०१५ च्या कायद्यात निकाल लागल्यावर काय करायचं याबद्दल एक ओळ नाही. २०११ ला मतदानपद्धतीवर सार्वमत झालं त्याच्या कायद्यात मात्र होतं, निकाल हो आला तर बदल लागू करायचा म्हणून. सल्लाच आहे म्हणून बहुमताची किमान अट घातली नाही. १९७९ ला स्कॉटलंडच्या विधानसभेसाठी मतदान झालं तेव्हा एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट होती, ५१.६ टक्के हो म्हणाले तरी ते बारगळलं. म्हणजे अट कशी घालायची हे ब्रिटनला माहीत होतं. सल्ला म्हणून विचारायचं आणि आदेश म्हणून पाळायचं, हे मला पटत नाही.

सरळमार्गी

वकीलबाई, कायदा तुमचा बरोबर असेल, पण सरकारने घरोघरी पत्रक टाकलं होतं त्यात छापलं होतं की तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल. माझ्या घरी आलं होतं. लोकांनी ते वाचायचं की कायद्याची कलमं? शब्द दिला तो पाळायला हवा.

वकीलबाई

शब्द पाळायला हवा हे मान्यच. म्हणून तर म्हणते, शब्द द्यायच्या आधी काय देतोय ते ठरवायचं. २७ मार्च २०१९ ला खासदारांपुढे आठ पर्याय ठेवले, आठही पडले. १ एप्रिलला कस्टम्स युनियनचा पर्याय तीन मतांनी पडला. तीन! कॅमेरून यांच्यानंतरच्या पंतप्रधान मेबाईंचा युनियनशी झालेला करार त्याआधी जानेवारीत ४३२ विरुद्ध २०२ ने आपटला होता, त्यात जास्त कडक ब्रेक्झिट हवं म्हणणारे पण होते आणि ब्रेक्झिटच नको म्हणणारे पण.

मांडवी

भारतातलं एक सार्वमत कोणाच्या लक्षात आलं नाही का? १६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं आणि फुलाला १,३८,१७०, फरक ३४,०२१ चा. आमच्या आजोळी तेव्हा एका घरात दोन तट होते, आजोबा फूल आणि मोठे मामा दोन पानं.

तिथेही दोनच पर्याय होते, पण दोन्हींचा अर्थ स्वच्छ होता. महाराष्ट्र समोर दिसत होता, संघप्रदेश तर होतोच. आणि मतदान निःपक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. त्यांचा विलीनीकरणाचा पक्ष कौल हरला, आणि दोनच महिन्यांनी तोच पक्ष निवडणूक जिंकून परत सत्तेवर आला. कौल एका प्रश्नाचा होता, सरकार दुसऱ्या प्रश्नाचं, लोकांनी दोन्ही वेगळं ठेवलं. कॅमेरून यांच्याकडून हेच झालं नाही, त्यांनी पक्षातलं भांडण मिटवायला देशाचा कौल घेतला.

कोल्हापुरी_ठसका

आमचे आजोबा फुलाच्या प्रचाराला गोव्यात गेले होते. हरून आले पण येताना काजू भरपूर आणले. गोवा वेगळा राहिला म्हणून आमच्या घरात अजून हळहळ आहे, पण कौल लागला तो लागला.

सरळमार्गी

मांडवी, हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ३४ हजारांच्या फरकाने लागला तरी महाराष्ट्राने मान्य केला ना? पुन्हा मत घ्या, लोकांना कळलं नव्हतं असं कोणी म्हटलं? इथे २०१६ चा निकाल लागल्या दिवसापासून दुसऱ्या मतदानाची मागणी सुरू.

टेम्सकाठी

@सरळमार्गी, दुसरं मतदान म्हणजे पहिलं रद्द करायला, असं धरून चालू नका. न्यूझीलंडने निवडणुकीची पद्धत बदलताना १९९२ ला आधी विचारलं, बदल हवा का आणि चारपैकी कुठला. मग १९९३ ला तो एक पर्याय आणि जुनी पद्धत समोरासमोर ठेवून शेवटचा निर्णय घेतला. बदल हवा म्हणणारे दोन्हीदा जिंकले. मी तेच म्हणतोय, आधी सोडायचं का, आणि मग हा ठरलेला करार हवा का.

बेलफास्टची_सर

आमच्याकडे २२ मे १९९८ ला मतदान झालं त्याआधी गुड फ्रायडे कराराची अख्खी प्रत घरोघरी पाठवली होती. कैद्यांची सुटका, पोलिसांतले बदल, सगळी कडू कलमं त्यात छापलेली. ७१ टक्के हो म्हणाले. इतकी वर्षं टिकलाय तो करार, कारण कोणाला म्हणता येत नाही की मी यासाठी मत दिलं नव्हतं.

सरळमार्गी

ऐकायला छान आहे, पण इथे ते शक्य नव्हतं. ब्रसेल्सने स्पष्ट सांगितलं होतं, युनियन सोडण्याची, कलम ५० ची, नोटीस दिल्याशिवाय बोलणीच नाहीत. मग करार आधी आणायचा कुठून? आणि नंतर मतदान ठेवलं असतं तर ब्रसेल्सने मुद्दाम वाईटात वाईट करार पुढे केला असता, लोक घाबरून राहा म्हणावेत म्हणून.

टेम्सकाठी

हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण करार नाही तरी स्वतःचा बेत तर छापता आला असता? स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं मतदान २०१४ ला झालं, त्यासाठी तिथल्या सरकारने आदल्या वर्षी साडेसहाशेवर पानांची श्वेतपत्रिका काढली होती, चलन कुठलं, पेन्शनचं काय, सगळं. लोकांनी ती वाचून नाही म्हटलं. इथे कॅमेरून सरकारने उलट अधिकाऱ्यांना सोडण्याची तयारी करायलाच मनाई केली होती. जिंकलो तर काय करायचं याचा कागद ना सरकारकडे होता, ना सोडा म्हणणाऱ्यांकडे.

सरळमार्गी

तयारी करू न देणं हा गुन्हाच होता, त्यावर माझं तुमच्याशी भांडण नाही. आमच्या बाजूच्यांनीही एक ठरलेला बेत पुढे ठेवायला हवा होता. ठेवला असता तरी मी सोडाच म्हटलं असतं, पण निदान नाशिककरांच्या कागदांचं आणि बेलफास्टच्या सीमेचं आधी बोलणं झालं असतं. बाकी २०२५ मध्ये भारताबरोबर जो व्यापार करार झाला तो युनियनमध्ये असताना ब्रिटनला स्वतंत्रपणे करताच आला नसता, हेही कोणीतरी लिहा.

नाशिकचा_बागायतदार

त्या कराराचं लिहा म्हणताय तर वेगळा धागा काढा, मला त्यात बरंच विचारायचंय. युरोपियन युनियनशी पण आपली बोलणी झाली आहेत म्हणे, तर दोन्हीकडे द्राक्षाला काय मिळणार ते कोणी नीट समजावून सांगेल का?

पारिजात

धागा काढा जरूर. पण इथलं माझं एक राहिलंय. बेत छापा, दोन टप्पे करा, सगळं बरोबर. त्याच्या आधी मतदारांची यादी. आमच्या त्या सिस्टरने २०१९ ला राजीनामा दिला आणि व्हॅलेन्सियाला परत गेली. तिच्या जागेवर केरळहून एक मुलगी आली, तीही छान काम करते. पण ज्यांचं आयुष्य त्या प्रश्नात अडकलंय त्यांना यादीत कुठे बसवायचं, याचं उत्तर मला या धाग्यात अजून मिळालेलं नाही. सरळमार्गी, तुम्हीच सांगा, तुम्ही ठरवलं असतं तर कोणाला मत दिलं असतं?